बी.कॉम.नंतर ऑडिटमधली पहिली नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी विद्यापीठाचे निकाल लागले की आमच्या ऑफिसात बायोडेटांचा ढीग येतो. पुण्यातली मध्यम आकाराची सीए फर्म आहे. नव्या मुलामुलींना निवडणं आणि पहिलं वर्षभर त्यांना तयार करणं हे काम माझ्याकडे असतं. मुलाखतीला येणारे, फोन करणारे, ओळखीतून भेटणारे सगळे साधारण हेच प्रश्न विचारतात. चांगली, मेहनती मुलं केवळ कोणी सांगितलं नाही म्हणून मागे राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

मी सीए नाही आणि होण्याचा विचारही नाही. तरी ऑडिटमध्ये नोकरी मिळेल का?

मिळते. कंपनीच्या ऑडिट रिपोर्टवर सही प्रॅक्टिस करणारा सीएच करू शकतो, हे खरं. पण त्या सहीआधी शेकडो तासांचं काम असतं आणि ते टीम करते. टीममध्ये आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीचं फर्ममधलं प्रशिक्षण) करणारी मुलं असतात, सीएची मधली परीक्षा म्हणजे सीए इंटर झालेले असतात आणि नुसतं बी.कॉम., एम.कॉम. केलेले ऑडिट असिस्टंटही असतात. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी या मोठ्या नेटवर्कची भारतातली सेवा केंद्रं परदेशी ऑडिटच्या कामासाठी पदवीधर घेतात. कंपन्यांचे स्वतःचे इंटर्नल ऑडिट विभाग असतात. बँकांच्या कन्करंट ऑडिटसाठी (व्यवहारांसोबतच चालणाऱ्या तपासणीसाठी), मालसाठ्याच्या ऑडिटसाठी फर्मना सतत माणसं लागतात. शिवाय सरकारी आणि सहकारी ऑडिट आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

सीए न करता वर जाण्याला मर्यादा आहे, हे मात्र आधीच माहीत असू द्या. फर्ममध्ये तुम्ही पार्टनर होणार नाही. इंटर्नल ऑडिटमध्ये, बँकिंगमध्ये किंवा सहकारात ती मर्यादा तितकी जाणवत नाही.

पहिल्या वर्षी दिवसभर नेमकं काय करायचं असतं?

व्हाउचिंग (नोंद आणि तिचा कागद जुळवून बघणं), लेजर स्क्रुटिनी (खात्यातल्या नोंदी चाळणं), बँकेचा ताळमेळ, मालसाठ्याची मोजणी आणि हे सगळं नीट लिहून ठेवणं. नावं ऐकून कंटाळवाणं वाटेल. म्हणून एकच व्हाउचर जवळून दाखवतो.

समजा वाहतूक खर्चाच्या खात्यात १८,४०० रुपयांची नोंद आहे: चाकणहून हुबळीला माल पाठवला, पैसे रोख दिले. नवा मुलगा बिल बघतो, आकडा जुळतो, टिक करतो आणि पुढच्या पानावर जातो. तयार झालेला असिस्टंट तेच बिल हातात घेऊन थांबतो. बिल आपल्या क्लायंटच्याच नावावर आहे का? तारीख याच आर्थिक वर्षातली आहे का? सोबत बिल्टी आहे का, आणि बिल्टीवरचा गाडी नंबर गेटच्या रजिस्टरात त्या दिवशी दिसतो का? तो माल कोणाला विकला, त्याचं विक्रीचं बिल कुठे आहे? बिलावर मंजुरीची सही कोणाची, आणि एवढी रक्कम मंजूर करायचा त्याला अधिकार आहे का?

मग कराकडे वळायचं. रोख खर्चाची दिवसाची सर्वसाधारण मर्यादा एका व्यक्तीसाठी १०,००० रुपये आहे, पण मालवाहतूकदाराला ती ३५,००० आहे, त्यामुळे इथे अडचण नाही. वाहतूकदाराचा टीडीएस कापला नसेल, तर दहा किंवा त्याहून कमी गाड्या असल्याचं त्याचं पॅनसहित घोषणापत्र फाइलला आहे का? जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे वाहतूकदाराऐवजी क्लायंटने, भरायचा होता का? शेवटी एक प्रश्न उरतो, तो मला सगळ्यांत आवडतो: हा माल म्हणजे विक्रीचा माल होता, की हुबळीच्या नव्या युनिटला पाठवलेलं मशीन? मशीन असेल तर हे भाडं मशीनच्या किमतीत जाईल, खर्चात नाही.

एका बिलातून एवढं निघतं. प्रत्येक व्हाउचरला इतका वेळ देता येत नाही, म्हणून नमुने निवडावे लागतात. पण नजर अशी तयार व्हायला हवी, आणि ती पहिल्या सहा महिन्यांतच होते किंवा मग राहूनच जाते.

कॉलेजात शिकलेलं किती उपयोगी पडतं?

जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, अंतिम हिशेब हे पक्कं हवंच. मुलाखतीत अडखळणारी बहुतेक मुलं अवघड प्रश्नाला नाही, साध्या नोंदीला अडखळतात. मार्चचं वीजबिल एप्रिलमध्ये आलं तर ३१ मार्चला काय नोंद कराल? विम्याचा हप्ता ऑक्टोबरमध्ये वर्षभराचा भरला तर किती रक्कम या वर्षीची? ग्राहकाकडून आगाऊ रक्कम आली तर ती विक्री आहे का? जुनं मशीन विकलं, नफा झाला, तर तो कुठे दिसेल? हे न अडखळता सांगता आलं पाहिजे. बी.कॉम.ची पुस्तकं रद्दीत घालू नका, पहिल्या वर्षाचं तर नाहीच.

एक्सेल किती यायला हवं?

सर्टिफिकेट कोणी विचारत नाही, काम दिलं की कळतं. क्लायंटकडून दहा-वीस हजार ओळींचं लेजर येतं आणि ते कधीच स्वच्छ नसतं. आकडे टेक्स्ट म्हणून आलेले असतात, तारखा उलट्या, नावांपुढे मोकळ्या जागा. ते आधी साफ करता यायला हवं. मग पिव्होट टेबल, एसयूएमआयएफएस, व्हीलूकअप किंवा एक्सलूकअप, फिल्टर, डुप्लिकेट शोधणं. एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. मॅक्रो नंतर शिका.

सरावासाठी दोन कामं देतो. पहिलं: खरेदीची यादी आणि जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारं पत्रक) यांचा ताळमेळ. इथे एक बारकावा उपयोगी पडतो. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिली दोन राज्याची, महाराष्ट्र २७ आणि गोवा ३०, आणि पुढची दहा म्हणजे त्या व्यावसायिकाचा पॅन. मिड फॉर्म्युल्याने पॅन वेगळा काढला, की एकाच माणसाच्या वेगवेगळ्या राज्यांतल्या नोंदण्या एकत्र बघता येतात. वेगवेगळ्या नावांनी बिलं देणारा पुरवठादार एकच आहे, हेही असंच सापडतं.

दुसरं: पगारपत्रक. पन्नास काल्पनिक कर्मचाऱ्यांचं वर्षाचं पगारपत्रक बनवा आणि त्यात मुद्दाम चुका पेरा, मग मित्राला शोधायला द्या. महाराष्ट्रात व्यवसाय कर पूर्ण दराने लागणाऱ्याला दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये असतो. फेब्रुवारीतही सरसकट २०० कापलेले पगारपत्रक मी प्रत्यक्ष क्लायंटकडे पाहिलं आहे. एका कर्मचाऱ्याच्या बँक खात्याचा क्रमांक दुसऱ्या कोणाच्या ओळीतही आहे का, हे शोधायला विसरू नका. नसलेल्या कामगारांच्या नावे पगार उचलण्याचा प्रकार तिथेच उघडा पडतो.

टॅली यायलाच हवं का?

हो. हिशेबाच्या या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी टाकण्यापेक्षा त्यातून माहिती बाहेर काढणं जास्त महत्त्वाचं. डे-बुक, लेजर, आउटस्टँडिंग, बँकेचा ताळमेळ, आणि विशेषतः एडिट लॉग. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कधी आणि कोणी बदलली याची खूण राहणं बंधनकारक आहे, आणि ती सोय वर्षभर चालू होती की नाही हे ऑडिटरला रिपोर्टमध्ये लिहावं लागतं. मार्चअखेरीच्या कोणत्या नोंदी जूनमध्ये बदलल्या, हे बघायची सवय लावून घ्या. मोठ्या कंपन्यांत एसएपी हे सॉफ्टवेअर असतं, ते जागेवर शिकता येतं.

कायदे आणि मानकं किती पाठ करू?

पाठांतराच्या मागे लागू नका. कर कायद्याची कलमं तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून आल्याने नव्या क्रमांकांनी शिकायची आहेत, आणि मागच्या वर्षांच्या कामासाठी जुने क्रमांकही ओळखीचे हवेत. सध्या लोकांच्या तोंडी टॅक्स ऑडिटचं जुनं कलम ‘फॉर्टी-फोर एबी’च असेल, याने गोंधळू नका.

ऑडिटिंग स्टँडर्ड्सपैकी सुरुवातीला चारच वाचा, पण मूळ मजकूर वाचा, नोट्स नकोत: एसए २३० वर्किंग पेपरबद्दल (तपासणीच्या आपल्या लेखी नोंदी), एसए ५०० पुराव्याबद्दल, एसए ५०५ बाहेरून घेतलेल्या कन्फर्मेशनबद्दल (बँक, ग्राहक यांच्याकडून थेट मागवलेला लेखी दुजोरा) आणि एसए २४० फ्रॉडबद्दल. आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. इंग्रजी जड आहे, रोज दोन पानं पुरेत. कंपनी कायद्याचं कलम १४३ आणि कारो २०२० (कंपनीच्या ऑडिट रिपोर्टमध्ये कशाकशावर लिहायचं ते सांगणारा सरकारी आदेश) ची कलमं एकदा नजरेखालून घाला.

अनुभव नाही, तर घरी सराव कसा करू?

हा प्रश्न फार थोडी मुलं विचारतात, आणि विचारणारी बहुधा निवडली जातात.

तुमच्या किंवा नातेवाइकांच्या सोसायटीचा वार्षिक अहवाल मागून घ्या. सभासदाला तो मिळतोच. त्यात ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक आणि ऑडिटरचा अहवाल असतो. आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंडासाठी (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी घ्यायची असते. ती घेतली आहे का? फंडाची रक्कम ताळेबंदाच्या एका बाजूला दिसते, तेवढ्याच ठेवी दुसऱ्या बाजूला दिसतात का, की तो पैसा रोजच्या खर्चात वापरला गेला? थकबाकीदारांच्या यादीची बेरीज ताळेबंदाशी जुळते का? मागच्या वर्षी ऑडिटरने दाखवलेल्या दोषांचं पुढे काय झालं? एक रविवार पुरतो आणि मुलाखतीत सांगायला खरीखुरी गोष्ट मिळते.

दुसरा सराव शेअर बाजारात नोंद असलेल्या कुठल्याही कंपनीच्या वार्षिक अहवालावर करा. थेट ऑडिटरच्या अहवालावर जा. ‘की ऑडिट मॅटर्स’ वाचा: ऑडिटरला कुठे जास्त काळजी वाटली आणि त्याने काय तपासलं, हे तिथे त्याच्याच शब्दांत असतं. मग येण्यांची, म्हणजे ग्राहकांकडून यायच्या रकमांची, टिप्पणी उघडा. किती रक्कम सहा महिन्यांच्या आतली, किती तीन वर्षांपेक्षा जुनी, हे कोष्टक असतं. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवा. विक्री थोडी वाढली आणि जुनी येणी दुप्पट झाली, तर तुमच्या मनात कोणते प्रश्न येतात ते कागदावर लिहा. तो कागद मुलाखतीला घेऊन या. कोणी आणला तर मी बायोडेटा बाजूला ठेवून आधी तो वाचतो.

घरात कोणाचं दुकान असेल तर एका महिन्याची विक्री, बँकेत जमा झालेले पैसे आणि यूपीआयचं स्टेटमेंट जुळवून बघा. नाही जुळलं तर का नाही, तेही शोधा.

मुलाखतीत काय विचारतात?

स्वतःबद्दल सांगा, सगळीकडे विचारतात. त्यावर दोन मिनिटं बोला. खरी परीक्षा त्यानंतरच्या परिस्थितीवर आधारित प्रश्नांत असते. मी नेहमी विचारतो ते दोन इथे उघड करतो. उत्तर पाठ करून काही मिळणार नाही, कारण मी पुढचा प्रश्न विचारणारच.

पहिला: ‘ताळेबंदात बँकेची शिल्लक ४० लाख दिसते. ती खरी आहे हे कसं ठरवाल?’ बहुतेक जण म्हणतात, बँक स्टेटमेंट बघू. मी विचारतो, स्टेटमेंट तुम्हाला कोणी दिलं? क्लायंटने. मग क्लायंटला जे सिद्ध करायचं आहे त्याचा पुरावाही त्यानेच दिला, असं झालं. इथून पुढे जो विचार करू लागतो, तो मला हवा असतो: बँकेकडून थेट आपल्या पत्त्यावर कन्फर्मेशन मागवायचं, ताळमेळ पत्रकातले न वटलेले धनादेश एप्रिलमध्ये खरंच वटले का ते बघायचं, मुदत ठेवींच्या पावत्या आणि त्यावरचं व्याज पडताळायचं. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली, की पुस्तकातल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. जे खातं तपासायला सर्वांत सोपं समजतात, त्याच खात्यात हे होतं.

दुसरा: ‘देणी कमी दाखवली आहेत का, हे कसं शोधाल?’ इथे पुस्तक उघडून उपयोग नाही, कारण जे लिहिलंच नाही ते पुस्तकात सापडणार कसं? एप्रिल-मेमध्ये दिलेली देयकं आणि आलेली बिलं काढायची आणि त्यांतली कोणती मार्चपर्यंतच्या मालाची किंवा कामाची होती ते बघायचं. आवक रजिस्टर, पुरवठादाराचं खातेपत्रक, वकिलाचं पत्र हे सगळं पुस्तकाबाहेरचं. २०१८ मध्ये उघड झालेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेच्या प्रकरणात हमीपत्रांचे संदेश स्विफ्टवरून (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवरून) परदेशी जात होते, पण बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती. मुख्य प्रणालीतल्या नोंदी कितीही बारकाईने तपासल्या असत्या तरी ती जबाबदारी दिसली नसती. दोन प्रणालींची यादी शेजारी ठेवली असती तर दिसली असती.

बँकेच्या ऑडिटचं काम असेल तर ९० दिवसांचा एनपीएचा (थकीत कर्जाचा) नियम विचारतील. टॅक्स ऑडिटची उलाढालीची मर्यादा विचारतील: एक कोटी, आणि रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर दहा कोटी. माहीत नसेल तर तसं सांगा आणि कुठे बघाल तेही सांगा. ऑडिटमध्ये ठोकून दिलेलं उत्तर सगळ्यांत महाग पडतं, म्हणून आम्ही त्यावर बारीक लक्ष ठेवतो.

माझं शिक्षण मराठीत झालं, इंग्रजी कच्चं आहे.

ईमेल आणि वर्किंग पेपर इंग्रजीत लिहावे लागतात. त्यासाठी साधी, छोटी वाक्यं पुरतात: काय तपासलं, काय आढळलं, काय मागितलं. रोज एक उतारा लिहून कोणाकडून तरी दुरुस्त करून घ्या, तीन-चार महिन्यांत फरक पडतो. परदेशी ऑडिटच्या सेवा केंद्रांत बोलण्याचं इंग्रजीही लागतं, तिथे जायचं असेल तर आधी तयारी करा.

आणि मराठीचं बळ कमी समजू नका. तालुक्याच्या पतसंस्थेचं प्रोसिडिंग बुक (सभांच्या इतिवृत्ताची वही) मराठीत असतं, कारखान्याच्या स्टोअरमधलं रजिस्टर मराठीत असतं, गोदामातले मुकादम आणि काट्यावरचा कारकून मराठीत बोलतात. खरी माहिती बऱ्याचदा तिथेच मिळते.

मालसाठा मोजायला पाठवतात म्हणे. तिथे काय करायचं?

साखर कारखान्याचं गोदाम घेऊ, कारण महाराष्ट्रात हे काम कधी ना कधी वाट्याला येतंच. साखर ५० किलोच्या पोत्यांत, थप्प्या लावून ठेवलेली असते, आणि ती बहुधा बँकेकडे तारण असते. लांबीला १२, रुंदीला १०, उंचीला १५ पोती, म्हणजे एका थप्पीत १,८०० पोती, ९०० क्विंटल. गुणाकार सोपा आहे. पण हा गुणाकार थप्पी आतून भरलेली आहे असं धरून चालतो. बाहेरून चारी बाजूंनी नीट दिसणारी थप्पी मध्ये पोकळ असू शकते. वर चढून बघा. मधली काही पोती काढायला सांगा. दोन-चार पोत्यांचं वजन करून घ्या. भिजलेली, खराब झालेली साखर वेगळी मोजा, कारण तिची किंमत वेगळी लागेल. भिंतीला टेकलेल्या थप्पीची मागची बाजू दिसत नाही, तिथे विशेष लक्ष द्या.

मोजणी दोन्ही दिशांनी करायची: रजिस्टरातली थप्पी जागेवर आहे का, आणि जागेवरची थप्पी रजिस्टरात आहे का. त्या दिवसाच्या शेवटच्या जावक पासचा क्रमांक लिहून घ्या, म्हणजे विकलेली साखर साठ्यातही धरली गेली का हे नंतर तपासता येतं. मोजणी चालू असताना गाड्या भरल्या जात असतील तर काम थांबवायला सांगा आणि न थांबवल्यास लगेच सिनियरला फोन करा. बूट घालून जा, पाण्याची बाटली न्या.

क्लायंटचा अकाउंटंट कागद देत नाही, चिडतो. काय करू?

त्याची बाजू समजून घ्या. महिनाअखेर, पगार, जीएसटी रिटर्न आणि त्यात तुम्ही. तो वयाने मोठा असतो, वीस-वीस वर्षं तिथे असतो आणि त्याच्यासमोर बावीस वर्षांचा मुलगा येऊन प्रश्न विचारतो. दर दहा मिनिटांनी एक कागद मागू नका. दिवसभराच्या गोष्टींची एकच यादी करा आणि सांगा, ‘काका, वाहतुकीची तीन बिलं आणि दोन ठेवींच्या पावत्या राहिल्या आहेत. तुम्ही मोकळे झालात की चारला येऊ का?’ मोठ्या कंपनीत काकांच्या जागी सर किंवा मॅडम. पण गोड बोलून कागद सोडून द्यायचा नाही. मागितल्याची तारीख लिहून ठेवा, दोनदा मागूनही आला नाही तर ईमेल करा आणि सिनियरला सांगा. तोंडी खुलासा मिळाला तर कोणी, केव्हा, काय सांगितलं ते वर्किंग पेपरमध्ये लिहा, आणि त्याला आधार देणारा कागद शोधत राहा.

काही गडबड सापडली तर?

तिथल्या तिथे कोणावर आरोप करू नका, कोणाला विचारायलाही जाऊ नका. कागदाची प्रत काढून घ्या, काय दिसलं ते तारखेसह लिहा आणि त्याच दिवशी सिनियरला सांगा. कंपनीत अधिकारी किंवा कर्मचाऱ्याने एक कोटी किंवा त्याहून अधिक रकमेचा फ्रॉड केल्याचं मानण्यास कारण असेल, तर ऑडिटरला ठरावीक पद्धतीने केंद्र सरकारला कळवावं लागतं. तो निर्णय पार्टनरचा असतो. तुमचं काम पुरावा जसाच्या तसा त्याच्यापर्यंत पोचवणं. बहुतेक वेळा गडबड वाटलेली गोष्ट साधी चूक निघते, म्हणूनही शांत राहावं.

सिनियर म्हणाला ‘सोड ते’ आणि तुमचं मन मानत नसेल, तर त्याच्या वरच्याकडे जा. चांगल्या फर्ममध्ये यासाठी कोणी रागावत नाही.

नोकरी करत सीए करता येईल का?

आर्टिकलशिप ही पूर्णवेळ असते, तिच्यासोबत दुसरी नोकरी चालत नाही. वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के आणि इतरांना ६० टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीडिएटला नोंदणी करता येते. आर्टिकलशिप २०२३ च्या नव्या योजनेत तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची झाली आहे. घरची परिस्थिती दोन वर्षं कमी स्टायपेंडवर काढता येण्यासारखी असेल आणि अभ्यासाची जिद्द असेल, तर नोकरीत अडकण्याआधीच हा निर्णय घ्या. दोन्ही दगडांवर पाय ठेवून वर्षं घालवलेली मुलं मी पाहिली आहेत. इंटर्नल ऑडिटमध्ये राहायचं असेल तर सीआयए आणि संगणक प्रणालींच्या ऑडिटसाठी सीआयएसए या परीक्षा नोकरी करत देता येतात.

सरकारी ऑडिटमध्ये कसं जायचं?

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांची ऑडिटची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून ऑडिटर हे पद भरतात.  राज्य सरकारचं स्थानिक निधी लेखापरीक्षा संचालनालय आहे, ते नगरपालिका, जिल्हा परिषदा यांचे हिशेब तपासतं. जाहिराती अनियमित निघतात. त्यांची वाट बघत घरी बसू नका, फर्ममध्ये काम करत तयारी करा.

सहकारी संस्थांचं ऑडिट हे करिअर होऊ शकतं का?

नक्की होऊ शकतं, आणि मराठी मुलांनी याकडे जास्त लक्ष द्यावं असं मला कळकळीने वाटतं. राज्यात दोन लाखांहून अधिक सहकारी संस्था आहेत: गृहनिर्माण, पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था, कारखाने. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८१ खाली प्रत्येकीचं दरवर्षी ऑडिट व्हावं लागतं. यासाठी जी.डी.सी. अँड ए. ही राज्याच्या सहकार विभागाची पदविका परीक्षा आहे. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला आणि मराठीतून देता येते. ती पास झाल्यावर अनुभवाची अट पूर्ण केली की प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून नामतालिकेवर नाव नोंदवता येतं, म्हणजे सीए नसतानाही स्वतःच्या सहीने ऑडिट करता येतं.

हे काम जपून करायचं असतं. संस्थेला अ, ब, क, ड असा वर्ग द्यायचा, दोष लिहायचे आणि संस्थेने कलम ८२ प्रमाणे दोषदुरुस्ती अहवाल दिला का ते पुढच्या वर्षी बघायचं. पतसंस्थेत लोकांची आयुष्यभराची पुंजी असते. कर्जाच्या फाइलवर जामीनदाराची सही आहे की नाही, सोनेतारणाची पिशवी उघडून वजन केलं की नाही, यावर त्यांच्या ठेवी अवलंबून असतात. गावात ओळखी असतात, दडपण येतं. ते पेलायची तयारी असेल तरच या.

कामाचे तास, प्रवास, पगार?

एप्रिलचे पहिले दोन-तीन आठवडे बँक शाखांच्या ऑडिटचे. मेपासून कंपन्या, जुलैअखेरपर्यंत सहकारी संस्था आणि ३० सप्टेंबरपर्यंत टॅक्स ऑडिट. या दिवसांत रात्री उशीर होतो, गणपतीत सुट्टी मिळेलच असं नाही. मुक्कामाचा प्रवास असतो. मुलींनी, आणि मुलांनीही, राहण्याची सोय कोण करतं, सोबत कोण असतं हे नोकरी घेतानाच निःसंकोच विचारावं. पगार शहर आणि फर्मप्रमाणे फार बदलतो. आकड्याइतकंच हे विचारा: प्रवासखर्च किती दिवसांत मिळतो, लॅपटॉप कोणाचा, पहिल्या वर्षी किती प्रकारची ऑडिट करायला मिळतील, काम कोण तपासणार. रोज नुसतं एकाच क्लायंटचं स्कॅनिंग करायला बसवणारी नोकरी थोड्या जास्त पगारासाठी घेऊ नका.

एआयमुळे हे काम जाईल का?

बिल आणि नोंद जुळवण्याचं काम यंत्र करू लागलंच आहे. गोदामातली थप्पी पोकळ आहे का, बिल खरं असलं तरी व्यवहार खरा आहे का, हे माणसालाच बघायचं आहे. सध्या इतकंच सांगतो: क्लायंटची कागदपत्रं फर्मच्या परवानगीशिवाय कुठल्याही बाहेरच्या एआय साधनात टाकू नका, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या मित्रांच्या ग्रुपवर तर नाहीच.

रुजू होण्याआधी काही विसरण्यासारखं?

डीमॅट खातं उघडून बघा. ऑडिटरचं स्वातंत्र्य जपण्यासाठी क्लायंट कंपनीतल्या गुंतवणुकीवर निर्बंध असतात आणि बऱ्याच फर्म रुजू होताना प्रत्येकाकडून तसं घोषणापत्र भरून घेतात. हौसेने घेतलेले पाच शेअर असले तरी ते लिहा. फर्मच्या एखाद्या क्लायंटकडे तुमचे जवळचे नातेवाईक वरच्या पदावर असतील किंवा तुमचं स्वतःचं कर्ज एखाद्या क्लायंट पतसंस्थेकडे असेल, तर तेही पहिल्याच दिवशी एचआरला लेखी कळवा. तुम्हाला त्या कामावर घेणार नाहीत, एवढंच होईल. वर्षभराने दुसऱ्या कोणाकडून कळलं, तर त्या ऑडिटचं सगळं काम पुन्हा तपासावं लागतं.